पाच मिनिटांचे काम



तुमच्यापैकी पुष्कळांनी एक वाक्य ऐकलेले असेल. माझ्या तोंडून नाही, तर माझ्यासारख्या दुसऱ्या एखाद्या साहेबाच्या तोंडून तरी नक्कीच. "अहो, मोबाईलवर टाका की, पाच मिनिटांचे काम आहे!" गेली काही वर्षे हे वाक्य मी दिवसातून दहा-दहा वेळा बोललो. बोलताना त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. त्या वाक्याने एका बाईचे काय झाले ते आज सांगणार आहे. माझी बाजू राखून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून घडले तसेच सांगतो.

मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून १९९३ साली बी.एस्सी. (कृषी) झालो. खात्यात लागलो तेव्हा माझ्याजवळ एक सायकल, एक दैनंदिनी आणि पिकांच्या रोगांचे कापडी तक्ते एवढा सरंजाम होता. आपल्या देशात मोबाईलवरून पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी झाला म्हणतात. सातारा जिल्ह्याच्या आमच्या पश्चिम भागात तो आवाज पोचायला पुढे कैक वर्षे लागली. तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ सालापासून येणारा फोन फुकट झाला आणि मग आपल्या लोकांनी मिस्ड कॉलची भाषा काढली. एक रिंग म्हणजे गाडी निघाली, दोन रिंगा म्हणजे डबा पाठवा. एक पैसा न देता कामे होत होती!

मी मोबाईलच्या विरुद्ध आहे असे मात्र समजू नका. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा या फोनचे मोल मला कळले. त्याआधी कुणाच्या पिकावर काही नवीन दिसले, की शेतकरी पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एस.टी.ने आमच्याकडे घेऊन येई. येईपर्यंत पान कुजे, अळी मरे किंवा पिशवीबाहेर पळून जाई. त्या वर्षी मात्र एका तरुण शेतकऱ्याने अळीच्या डोक्याचा जवळून फोटो काढून पाठवला. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी पांढरट खूण, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. घरी जेवायला बसलो होतो, तिथूनच सांगितले की पोंग्यात बघा, विष्ठेचा भुसा दिसेल. दिसलाच. तासाभरात तो फोटो आजूबाजूच्या बारा गावांत फिरला.

मोटारीच्या स्टार्टरला सिमकार्ड बसवतात, त्याचेही तसेच. रात्रीची लाईट असली की पूर्वी माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जायचा. विंचूकाट्याचे भय आणि वर झोपेचे खोबरे. आता अंथरुणातून फोन लावला की मोटार सुरू होते. हे सुख लहान नाही. फक्त त्या स्टार्टरमधल्या सिमलाही रिचार्ज मारावा लागतो, हे पहिल्यांदा मोटार गप्प बसते तेव्हाच कळते. पूर्वी एकदा पैसे भरले की सिम वर्षानुवर्षे फोन घेत असे. २०१८ च्या अखेरीपासून मुदतीचा रिचार्ज आला आणि घरातल्या प्रत्येक सिमला दर महिन्याला चारा घालावा लागू लागला. म्हाताऱ्याचा बटणाचा फोन, पोराचा मोठा फोन, विहिरीवरचे सिम. एका बैलजोडीच्या पेंडीचा हिशेब करावा तसा हा हिशेब झाला आहे. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना नुसते बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवायला सांगितले. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या सातबाऱ्यावर आपले पीक आपणच मोबाईलवरून नोंदवायचे. कल्पना मला मनापासून आवडली. पूर्वी पीकपाहणी चावडीत बसून व्हायची आणि ज्वारीच्या रानात कागदावर ऊस उभा राहायचा, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी गावोगाव फिरलो, देवळात, शाळेत, चावडीवर फोन हातात धरून दाखवले. किती जणांच्या फोनमध्ये अ‍ॅप उतरले याचा आकडा दर आठवड्याला वर कळवायचा असे. माझ्या मंडळाचा आकडा चांगला होता. वरून शाबासकी मिळाली. तेव्हापासून ते पाच मिनिटांचे वाक्य माझ्या तोंडात बसले.

२०२२ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने सोयाबीनचा चिखल केला. दिवाळी आठ-दहा दिवसांवर होती. पुष्कळांनी काढणी करून पीक रानातच वाळायला पसरले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी पाऊस आला तो ढगफुटीसारखाच. शेंगा फुगल्या, दुसऱ्या दिवशी उकडले आणि तिसऱ्या दिवशी दाण्याला मोड दिसू लागले. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा होता की, काढून पसरलेल्या पिकाचे चौदा दिवसांच्या आत पावसाने नुकसान झाले, तर ७२ तासांत कळवायचे. (२०२५ च्या खरिपापासून राज्याने योजनेची रचना बदलली. तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. मी सांगतो आहे ती त्याआधीची गोष्ट आहे.) कळवण्याच्या वाटा चार होत्या. मोबाईलवरचे विम्याचे अ‍ॅप, कंपनीचा टोल-फ्री नंबर, आपली बँक आणि आमचे कृषी खाते. चारही वाटा छापलेले पत्रक माझ्या टेबलाच्या काचेखाली होते.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शनिवार-रविवार आमची सुट्टी, त्यामुळे दोन दिवसांची गर्दी तुंबलेली. त्या गर्दीत डोंगरावरच्या एका वाडीतल्या आक्का होत्या. नाव सांगत नाही. वय साठीच्या घरात, मालक वारलेले, मुलगा मुंबईला माथाडीत. तीस गुंठे सोयाबीन होते. सहा क्विंटल तरी निघाले असते. त्या वर्षीच्या ४,३०० रुपये हमीभावाने धरले तरी पंचवीस हजारांच्या घरातला माल. दोन दिवस त्या भिजलेले पीक पालथे करत होत्या. सोमवारी पहाटे उठून सात किलोमीटर चालत येऊन त्यांनी एस.टी. धरली होती. हातात एक कागद. शाळेतल्या पोराकडून लिहून घेतलेला अर्ज, खाली अंगठा नव्हे, सही. विम्याची पावती आणि सातबारा सोबत जोडलेला.

मला एका बैठकीची हाक आली होती. मी कागदाकडे बघितले, म्हणजे नुसते बघितल्यासारखे केले, आणि म्हणालो, "आक्का, कागद घेऊन काय करू? कागद इथे पडून राहील. मोबाईलवर टाका, लगेच नोंद होते. घरात कुणाकडे मोठा मोबाईल आहे का?"

"पुतण्याकडं हाय. कालच आलाय कराडास्नं."

"मग झाले तर! पाच मिनिटांचे काम आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या. मी बैठकीला गेलो. बैठकीत, खोटे सांगत नाही, अ‍ॅपवरून किती सूचना आल्या याचाच आढावा होता.

पुढे जानेवारीत आसपासच्या गावांतल्या लोकांच्या खात्यावर भरपाई जमा होऊ लागली, तेव्हा आक्का पुन्हा कचेरीत आल्या. भांडायला नाही, नुसते विचारायला. मी बघितले तर त्यांच्या नावाची सूचनाच नोंदलेली नव्हती.

"आक्का, मोबाईलवर टाकले नव्हते का?"

तेव्हा त्यांनी सांगितले. दुपारची एस.टी. धरून त्या साडेतीनला फाट्यावर उतरल्या आणि वाडीवर पोचायला पाच वाजले. वाडीत रेंज नाही. रेंज मिळते ती वरच्या कड्याजवळच्या एका दगडावर. पुतण्या पावती घेऊन पळत वर गेला. अ‍ॅप उघडायला वेळ लागला. मग नंबर टाकला, ओटीपी येईना. आला तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवला. टोल-फ्री नंबर लावला तर तो लागेना. एवढ्यात आभाळ भरून आले आणि समोरच्या डोंगरावर वीज पडली. आक्का खालून ओरडत होत्या. पोरगा म्हणे, "थांब, आता येतोय, आता येतोय." दुसरी वीज अगदी जवळ कडाडली, तेव्हा त्या स्वतः निम्मा चढ चढून गेल्या आणि त्याचा हात धरून त्याला खाली आणला.

"सोयाबीन गेलं ते गेलं, साहेब," त्या म्हणाल्या. "दिराचं एकुलतं एक पोर हाय. त्याला काय झालं असतं तर मी त्याच्या आईला काय सांगितलं असतं? पाच मिन्टाचं काम व्हतं म्हनून?"

शुक्रवारच्या पावसापासूनचे ७२ तास त्या संध्याकाळी संपले.

तो कागद अजून त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला तो नेमका काचेखालच्या त्या पत्रकावर. पत्रकात चौथ्या ओळीत लिहिले होते, कृषी विभाग. मी तो कागद त्या दिवशी घेतला असता, त्यावर शिक्का मारला असता आणि कंपनीकडे पाठवला असता, तर ती सूचना धरली गेली असती. नियम मला ठाऊक नव्हता असे नाही. मी तो कागद नंतर पत्रासोबत कंपनीला पाठवला. उत्तर आले की मुदतीत सूचना प्राप्त नाही. बरोबरच होते ते. माझ्यामुळेच प्राप्त नव्हती.

तुम्ही म्हणाल, साहेबाने मग काय केले? भरपाई खिशातून देऊ केली का? मनात आले होते. आक्कांची नजर बघून बोलायचे धाडस झाले नाही. मी नुसता "चूक माझी झाली" एवढे म्हणालो. त्या म्हणाल्या, "चहा न्हाय का पाजत?" आणि आम्ही चहा घेतला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा निरोप आला. "पीकपाहनी करायची हाय. साहेबांनी सोता येऊन करून दावावी. पाच मिन्टाचं तर काम हाय." निरोप आणणारा पुतण्याच होता, आणि तो हसत होता.

मी गेलो. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडेही पावसाने ओढ दिली होती. त्यामुळे वाट कोरडी होती, एवढेच माझ्या पथ्यावर पडले. सात किलोमीटर चढ चढून पन्नाशीतला माणूस जसा पोचतो तसा पोचलो. सोयाबीन फुलोऱ्यात होते, पण पाण्यावाचून पाने दुपारी मान टाकत होती. मी बांधावर उभा राहून फोन काढला. रेंजची एकही काडी नव्हती. गट नंबर, पीक, क्षेत्र हे भरताना माझ्या कपाळावर घाम. गटापासून किती अंतरावर उभे आहात ते फोन सांगतो. तो मला बराच वेळ शेजारच्या रानात उभा दाखवत होता. आकाशातल्या उपग्रहांवरून फोन आपली जागा ठरवतो. कडा जवळ असला की निम्मे आभाळ झाकलेले असते, मग तो चुकतो. आक्का बांधावर बसून तंबाखू मळत होत्या. "घाई न्हाय," म्हणाल्या, "सावकाश हुंद्या."

फोटो निघाला. नोंद फोनमध्ये राहिली. आता ती वर पाठवायची तर दगड गाठायचा.

बंधू-भगिनींनो, त्या दगडावर मी संध्याकाळी साडेचार ते पावणेसात बसलो होतो. तीस वर्षांच्या नोकरीत विस्तार कामाची पुष्कळ प्रशिक्षणे झाली, पण त्या सव्वादोन तासांत जे शिकलो ते कुठल्या शिबिरात शिकलो नव्हतो.

दगड म्हणजे बैलगाडीएवढा काळा खडक. वर बसायला घासून गुळगुळीत झालेल्या दोन जागा. तिथूनच खोऱ्याच्या पलीकडचा टॉवर नजरेला पडतो. टॉवरच्या लहरी उन्हासारख्या असतात, डोंगर आडवा आला की त्याची सावली पडते. वाडी बारा महिने त्या सावलीत. संध्याकाळ झाली की एकेक जण वर येतो. एक सून नवऱ्याशी बोलायला आली होती, तो नवी मुंबईला. ती आली की बाकीची मंडळी आपणहून दहा पावले दूर जाऊन पाठ करून बसतात. हे कुणी ठरवलेले नाही, पण तसे होते. एका पोराला अकरावीच्या प्रवेशाचे काही तरी भरायचे होते. एका म्हाताऱ्याला दूध संघाचा मेसेज बघायचा होता, फॅट किती लागली म्हणून. बघून म्हणाला, "आज बी तेवढीच." आणि उतरायला लागला. त्या चार शब्दांसाठी तो अर्धा तास चढला होता.

मी माझ्या फोनकडे बघत होतो. मधोमध चक्र फिरत होते. तेव्हा मला पाटाच्या पाण्याची आठवण झाली. मुखाकडच्याला भरपूर, शेपटाकडच्याला थेंब. फोनवर बोलायला थोडी रेंज पुरते, एसएमएसला त्याहूनही कमी, पण फोटो चढवायला पाण्याची धार लागते. टॉवरजवळच्या मोठ्या गावांत संध्याकाळी सगळे सिनेमे आणि क्रिकेट बघायला बसतात, तेव्हा दगडावर येते ती पाझर. लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की तीही नाही. आम्ही मात्र मैदानी गावात बसून एकच मुदत सगळ्यांना देतो, मुखाला आणि शेपटाला. पाटकरी तरी इतका आंधळेपणा करत नाही.

पुतण्याच्या फोनमध्ये 'दामिनी' होते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेले विजेचा इशारा देणारे हे अ‍ॅप मीच त्याला आदल्या वर्षी उतरवून दिले होते. वीस-चाळीस किलोमीटरच्या घेरात वीज होत असेल तर ते कळवते. चांगले आहे, सगळ्यांनी ठेवावे. पण ते म्हणाले तर इशारा येणार रेंज असेल तिथे, आणि रेंज म्हणजे हा दगड. उघडा, उंच, कड्यावरचा. विजेच्या वेळी उंच जागी थांबू नये, एकट्या झाडाखाली थांबू नये, पाय जोडून खाली उकिडवे बसावे, हे मी प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगत आलो. परतीच्या पावसात विजा बहुधा दुपारनंतर होतात हेही सांगत आलो. आणि ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दुपारनंतर मीच एका पोराला या दगडावर पाठवले होते. त्या जागी बसल्यावर पोटात कसेसे झाले. मी ते कुणाला बोलून दाखवले नाही.

पुतण्याने तेवढ्यात मला एक मेसेज दाखवला. 'पी.एम. किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा.' खाली कसली तरी फाईल. मी त्याला ती पुसून टाकायला लावले. सरकार असल्या फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. उघडली की फोनमधले ओटीपी परस्पर चोराकडे जातात आणि बँकेचे खाते रिकामे होते. तुमच्याकडे कुणाचे असे पैसे गेलेच, तर लाजू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर. आणि शेतीचा साधा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर बटणाच्या फोनवरूनही लागतो, पैसे पडत नाहीत. सकाळी सहा ते रात्री दहा.

पावणेसातला माझी नोंद वर गेली. अंधारात बॅटरी लावून आम्ही उतरलो. आक्कांनी नाचणीची भाकरी आणि वरणा केला होता. मी हिशेब केला. वाटेतली पायपीट सोडून, बांधावर पाय ठेवल्यापासून साडेतीन तास लागले होते. मी तो आकडा बोलून दाखवला. आक्का म्हणाल्या, "तुमी शिकल्याले म्हनून लवकर झालं."

त्या रात्री वाडीवरच राहिलो. जेवण झाल्यावर मी प्रत्येक घरात फोन नंबरांची चौकशी केली आणि आणखी एक गोष्ट समजली. आक्कांच्या आधारला जोडलेला नंबर त्यांच्या मालकांचा होता. मालक गेले, फोन बंद पडला, रिचार्ज कोण मारणार? दुसऱ्या दिवशी दगडावर जाऊन तो नंबर लावून बघितला, तर परजिल्ह्यातल्या कुणा भल्या माणसाने उचलला. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे आक्कांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात जाऊन पडत होते! तो भला होता म्हणून ठीक. वाडीतल्या अकरा घरांपैकी चार घरांत असाच घोळ निघाला. कुठे जावयाचा नंबर, कुठे सेवा केंद्रवाल्याचा. आम्हीच शिबिरात गडबडीत 'कुणाचाही चालेल' म्हणून घातलेले. तुम्ही आज रात्री घरात एवढे एक बघा, की घरातल्या प्रत्येकाच्या आधारला आणि बँकेला कोणता नंबर जोडला आहे आणि तो फोन आज कुणाच्या हातात वाजतो. घरातली कर्ती बाई असेल तर तिचा नंबर तिचाच असू द्या. आक्कांनी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर घातला. त्यामुळे २०२५ साली शेतकरी ओळख क्रमांक काढायची वेळ आली, तेव्हा त्यांचे काम अडले नाही.

मी कचेरीत परतल्यावर एक जाड वही आणली. लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. जो शेतकरी कागद घेऊन येईल त्याचा कागद घ्यायचा, वहीत तारीख आणि वेळ लिहायची आणि शिक्का मारून पोच द्यायची. अ‍ॅपवर करता येत असेल तर तेही करा म्हणून सांगायचे, पण कागद परत करायचा नाही. माझ्या हाताखालच्या तरुण सहायकांना हे आधी पटले नाही. एक जण म्हणाला, "सर, सगळे डिजिटल झाले आणि आपण वही काढली!" मी त्याला सुट्टीच्या दिवशी दगडावर घेऊन गेलो. तो आता त्याच्या गावांत स्वतःची वही ठेवतो.

आता पलीकडच्या धारेवर नवा टॉवर उभा राहिला आहे. वाडीच्या खालच्या आळीत एक-दोन काड्या येतात, वरच्या आळीत अजून नाही. दगड रिकामा पडलेला नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात राज्यात अतिवृष्टी झाली. मराठवाड्यासारखा कहर आमच्याकडे झाला नाही, पण ओढ्याकाठची भातखाचरे गाळाने भरली. पंचनाम्याचे अर्ज येऊ लागले. आक्का आल्या, या खेपेला पुतण्याला घेऊन. त्याच्या फोनमध्ये खाचराचे फोटो होते आणि आक्कांच्या हातात अर्ज. एक नव्हे, दोन प्रती.

"ही तुमची," त्या म्हणाल्या, "आन् ह्येच्यावर शिक्का मारा."

मी शिक्का मारला, सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे केला. आक्कांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"वेळ बी घाला," म्हणाल्या.

मी घड्याळ बघितले आणि लिहिले, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.